काकूंच्या गोलामागचे चौदा

बावीस सामने. तीन जिंकले, पाच बरोबरीत सुटले, चौदा हरले. गावात कुणालाही झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवेल. बारा संघांच्या लीगमध्ये आपला क्लब अकरावा आला, आणि शेवटचे दोन संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात, तेव्हा पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको. एकोणीस गोल मारले आणि एक्केचाळीस खाल्ले. एवढं खाऊन कुणाचं पोट भरलं नाही ते वेगळंच.

पण हे झाले सगळ्यांना माहीत असलेले आकडे. खरे आकडे असायचे काटेकाकांच्या वहीत. कॉर्नर किती मिळाले, फटके किती अडवले, गोलपोस्टला आपटून चेंडू किती वेळा परत आला, सगळं. दर वर्षी सीझन संपला की पुढच्या शनिवारी क्लबाच्या हॉलमध्ये सभा भरायची आणि काटेकाका उभे राहून वर्षभराचा आढावा वाचायचे. अठ्ठावीस वर्षं हे चाललं होतं. अध्यक्ष चार झाले, कोच किती आले नि गेले याची गणती नाही, पण आढावा वाचायला काका ते काकाच.

काटेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी मालधक्क्यावरच्या वजनकाट्यावर नोकरी केली. ट्रक लोखंडी पाटावर चढायचा, काका खिडकीतून काट्याकडे बघायचे आणि पावती फाडायचे. ड्रायव्हर लोक गयावया करायचे, "काका, रिकामीच गाडी आहे, रोजची आहे, लिहा ना अंदाजे!" काका चष्म्यावरून बघायचे. "अंदाज घरी. इथे काटा." मग ट्रक मुकाट पाटावर चढायचा. स्वभावही तसाच, जरा टोचणारा. त्यामुळे नाव पडलं ते चिकटलं.

फुटबॉलच्या वहीलाही नियम तोच. जे डोळ्यांनी दिसलं तेच लिहायचं. ऐकलेलं नाही, लोक म्हणतात ते नाही, 'तसंच झालं असणार' हे तर अजिबात नाही. आता मैदान केवढं मोठं! या टोकाच्या गोलामागे बसून त्या टोकाचं काय दिसणार, कपाळ? म्हणून पहिल्याच वर्षी काकांनी बायकोला म्हटलं, "तू त्या गोलामागे बस." काकू बसल्या. काकू कपडे शिवायच्या, दुरुस्त करायच्या. त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात बटणं असायचीच. त्यांनी आपली युक्ती काढली. वहीत लिहायला मान खाली घातली की नेमका तेवढ्यात फटका येतो, म्हणून लिहायचंच नाही. आपल्या गोलकीपरने फटका अडवला की उजव्या खिशातलं एक बटण डाव्या खिशात. त्याचा त्या टोकाचा हाफ संपला की बटणं मोजायची, आकडा आपल्या छोट्या वहीत टिपायचा. आणि ही वही काकांना सीझनभर दाखवायची नाही. एकाच्या आकड्याचा दुसऱ्यावर परिणाम नको, हाही काकांचाच नियम. सीझन संपला की बुधवारी सकाळी काका आपली मोठी वही उघडायचे, काकूंची छोटी वही शेजारी ठेवायचे आणि विचारायचे, "हं, तुझ्याकडे किती?"

म्हणजे बघा, नवराबायको अठ्ठावीस वर्षं प्रत्येक घरच्या सामन्याला गेले आणि एकदाही शेजारी बसले नाहीत! मधे शंभर मीटर गवत. हाफटाइमची शिट्टी झाली की काका लाल चौकड्यांचा रुमाल वर करायचे, काकू पिवळा. मी बरा आहे, तू बरी आहेस ना, एवढाच त्याचा अर्थ. गावातले लोक हसायचे. हसू देत.

या वर्षीच्या आढाव्याला मात्र नेहमीपेक्षा जास्त वजन आलं होतं. संघ घसरला म्हटल्यावर कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटायला हवं, आणि सगळ्यांनी मिळून एक डोकं शोधलंही होतं. गोलकीपरचं. हा तेरा वर्षं क्लबाकडून खेळत होता, दिवसा टायरच्या दुकानात चाकं चढवायचा उतरवायचा. अंगापिंडाने एवढा की लोक त्याला भिंत म्हणायचे. या वर्षी त्याच लोकांनी त्याची 'खिडकी' केली. छत्तीस वर्षांचा झाला होता. अध्यक्ष काकांना रस्त्यात गाठून म्हणाले होते, "काका, मी कुणाचं ऐकणार नाही. तुमचे आकडे म्हणतील तर ठेवू, नाहीतर शनिवारीच त्याला नारळ." हे सगळं भिंतीच्या कानावर गेलंच होतं.

मंगळवारी तो स्वतः दारात आला. टोपी हातात, टोपीला टायरचा काळा डाग.

"काका, आकडे कसे आहेत?"

"शनिवारी कळतील."

"नाही, तसं नाही विचारत. म्हणजे..." तो टोपी फिरवत राहिला. "एकच वर्ष हवंय मला. मुलगी चार वर्षांची झाली. आत्ता कुठे मॅच बघायला लागलीय. या वर्षीचं तिच्या लक्षात राहणार नाही, पण पुढच्या वर्षीचं राहील. तिच्या लक्षात राहील एवढं तरी खेळावं म्हणतो. आणि खरं सांगू का, मी वाईट खेळलो असं मला वाटत नाही. पण आपल्याला काय कळणार, आपण मधे उभे."

काकांनी दार पूर्ण उघडलं. पण तोंड उघडलं ते सवयीने. "शनिवारी," ते म्हणाले. आतून काकू ओरडल्या, "अरे, चहा तरी घेऊन जा!" पण तो पायऱ्या उतरून गेला होता.

बुधवारी सकाळी काका टेबलाशी बसले. काकूंनी आपली वही आणून ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. दर वर्षी त्या वेळी काकू खुशीत असायच्या, या वर्षी मात्र हाताची घडी घालून गप्प होत्या. काकांचं लक्ष नव्हतं. पेन्सिलीला टोक करणं चाललं होतं.

"हं, तुझ्याकडे किती?"

"चौदा," काकू म्हणाल्या.

"पहिल्या मॅचला?"

"नाही. एकूण."

काकांनी वही ओढून घेतली. अकरा घरचे सामने, एकाखाली एक. चार, तीन, दोन, दोन, एक, एक, एक, आणि मग चार शून्यं. गेल्या वर्षी याच गोलामागे एक्केचाळीस होते! काकांनी आपले मोजले, त्रेचाळीस. घरच्या सामन्यांत गोल खाल्लेले इकडे दहा, तिकडे अकरा. दोन्ही टोकं मिळून भागाकार केला. गेल्या वर्षी शंभरातले एक्क्याऐंशी फटके अडवले होते, या वर्षी त्र्याहत्तर. म्हणजे संपलं. शनिवारी ते त्र्याहत्तर वाचले की अध्यक्ष मान हलवणार आणि भिंत गेली म्हणायचं.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. काका बसून राहिले. आकडा आवडला नाही म्हणून दुसरा आकडा लिहायचा नसतो, हे त्यांनी अख्खा जन्म लोकांना सुनावलं होतं. पण एक गोष्ट खटकत होती. माणूस एकच आणि हातही तेच. मग या टोकाला शंभरातले एक्क्याऐंशी आणि त्या टोकाला छप्पन? त्या बाजूला काय त्याचे हात गळून पडायचे?

त्यांनी शून्यांवर बोट ठेवलं. आठवा सामना, नववा, दहावा. दहावा सामना! बरोबरीत सुटलेला. त्या दिवशी शेवटच्या पाच मिनिटांत पेनल्टी मिळाली होती समोरच्यांना, त्याच टोकाला. भिंतीने ती अडवली होती. इकडून काकांना नुसता निळा ठिपका आडवा झालेला दिसला होता, पण अख्खं मैदान उठून उभं राहिलं होतं, शेजारच्या माणसाने तर काकांच्या टोपीवर चहा सांडला होता. सबंध वर्षात आनंद झाला असेल तर तेवढाच. आणि काकूंच्या वहीत त्या दिवशी शून्य?

मग एकेक गोष्ट अशी समोर येऊन बसायला लागली. स्वतःच्या निळ्या शर्टाला लागलेलं काळं, पॅन्टचं बटण. ते थंडीत लागलं होतं आणि काकांनी ते बघून सोडून दिलं होतं. दोनदा दुधाऐवजी मांजराच्या ताटलीत ओतलेलं तांदळाचं पाणी. आणि तो पिवळा रुमाल. या वर्षी शिट्टी वाजायचा अवकाश, काकांचा हात वर जायच्या आत पलीकडे पिवळा रुमाल हलायला लागलेला असायचा. काका मनात खूश व्हायचे, या वयातही हिला आपली केवढी घाई! आता कळलं. ती शिट्टी ऐकून रुमाल हलवायची. समोर कुणी रुमाल वर केलाय की नाही, तिला दिसतच नव्हतं.

चौतीस वर्षं काट्याची सुई बघणारा माणूस, आणि घरातलं माणूस दिसलं नाही! काकांना स्वतःचा असा राग आला की पेन्सिल टेबलावरून घरंगळत खाली गेली तरी उचलली नाही.

ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. काकू खिडकीशी सुई डोळ्याजवळ धरून दोरा ओवत होत्या. दोरा सुईच्या शेजारून जात होता.

"पेनल्टी अडवली होती त्याने," काका म्हणाले. "दहाव्या मॅचला."

"हो."

"तुला माहीत आहे?"

"कान आहेत ना मला! लोक केवढे ओरडले."

"मग बटण का नाही टाकलंस?"

काकूंनी सुई खाली ठेवली. "मला दिसलं नाही. आणि ऐकलेलं लिहायचं नाही म्हणून कुणी डोकं खाल्लंय माझं अठ्ठावीस वर्षं? जेवढं दिसलं तेवढंच टाकलं. एक बटण खोटं नाही टाकलं मी."

काका स्टूल ओढून बसले.

"कधीपासून?"

"सीझनच्या आधीपासून. डॉक्टरांकडे जाऊन आले मी एकटी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. साधं ऑपरेशन आहे म्हणाले, पण एकेक डोळा करायचा, मधे आराम, धूळ नको, गर्दी नको. मी म्हटलं सीझन होऊ दे. त्या गोलामागे दुसरं कोण बसणार?"

"अगं, कुणीही बसलं असतं! नाहीतर रिकामी राहिली असती ती खुर्ची. जग बुडणार होतं?"

"तुमचं नसतं बुडलं." काकू आता रागावल्या होत्या, आणि त्यांना राग आला की डोळ्यांत पाणी यायचं. "अहो, वर्षभर मी बोलते आणि तुम्ही हं हं करता. मी म्हणते छप्पर गळतंय, तुम्ही हं. मी म्हणते बहिणीकडे जाऊन येऊ, तुम्ही हं. एक दिवस वर्षातून तुम्ही माझ्यासमोर बसता, विचारता 'तुझ्याकडे किती', आणि मी सांगेन ते लिहून घेता. तो दिवस दुसऱ्या कुणाला देऊ मी? आणि मला काय माहीत, माझ्या बटणांनी त्या बिचाऱ्याचा घात होईल! काल तो दारात बोलला तेव्हा कळलं मला. रात्रभर डोळा लागला नाही."

काकांनी त्यांचा हात धरला. तिशीत धरला असेल त्यानंतर बहुतेक आत्ताच. बोटांच्या टोकांना सुईची बारीक भोकं होती, ताजी.

"मी चुकलो," ते म्हणाले. हे दोन शब्द त्या घरात फारसे ऐकू येत नसत, म्हणून काकू रडायच्या थांबल्या.

आता प्रश्न शनिवारचा होता. काकांनी लगेच तोड काढली. सभेत सांगायचं, माझीच बेरीज चुकली, चष्मा बदलायला झालाय, वय झालं. काकूंचं नाव निघायचं कारण नाही. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काटा बिघडला तर काय करायचात तुम्ही?"

"पाटी लावायचो. काटा बंद. आणि बिघाडाच्या काळातल्या सगळ्या पावत्या रद्द."

"मग?"

"काटा लोखंडाचा असतो गं. त्याला चारचौघांत कमीपणा वाटत नाही."

"बघा बाई काय ते," काकू म्हणाल्या आणि पुन्हा दोरा ओवायला लागल्या. काकांनी सुई काढून घेतली आणि ओवून दिली. त्यांनाही तिसऱ्या खेपेला जमलं.

शनिवारी दुपारी हॉल गच्च भरला. हरलेल्या वर्षी गर्दी जास्त, हे नेहमीचंच. जिंकल्यावर कोण येतंय हिशोब ऐकायला! घडीच्या खुर्च्या संपल्या तेव्हा लोक भिंतीला टेकून उभे राहिले. गोलकीपर शेवटच्या रांगेत कडेला बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. काकू चहाच्या टेबलाजवळ, अंगात तोच कोट. पुढे अध्यक्ष, हातात घडी घातलेला कागद. कागदावर काय असणार ते सगळ्यांना माहीत होतं.

काका उभे राहिले. सामने वाचले, गोल वाचले. बावीसपैकी दहा सामन्यांत आपला एकही गोल नाही, हे वाचलं तेव्हा पुढच्या रांगेतले दोघे फॉरवर्ड बूट बघायला लागले. "माझ्या डोळ्यांदेखत सात वेळा चेंडू गोलपोस्टला लागून परत आला," काका म्हणाले. "सात वेळा पोस्टवर मारायलाही नेम लागतो." हशा झाला. मग अडवलेल्या फटक्यांचं पान आलं.

"माझ्या टोकाला त्रेपन्न फटके आले. त्रेचाळीस अडवले. शंभरातले एक्क्याऐंशी. गेल्या वर्षीइतकेच, तसूभर कमी नाही." काका थांबले. "त्या टोकाचे आकडे रद्द. मोजणीत चूक झाली. चूक माझी आहे."

अध्यक्षांनी भुवया वर केल्या. "तुमची कशी, काका? तुम्ही तर या टोकाला बसता."

"माझी म्हणजे... बेरजेत..." आयुष्यात खोटं बोलायची सवय नसली की हे असं होतं. "चष्मा..."

मागे कुजबूज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "खिडकीला वाचवतायत म्हातारबाबा!" दुसऱ्याने हुर्यो केली. गोलकीपरची मान खाली गेली. आता खरा आकडाही कुणी खरा मानणार नाही, हे काकांना उभ्याउभ्या कळलं.

"बेरीज बरोबर आहे त्यांची," मागून आवाज आला. काकू उभ्या राहिल्या होत्या, एक हात चहाच्या टेबलावर. "त्या टोकाला मी बसते, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे. वर्षभर मला दिसेल तेवढंच मी मोजलं, आणि शेवटी शेवटी काहीच दिसत नव्हतं. पेनल्टीसुद्धा नाही दिसली. तिथे मी शून्य लिहिलंय. आता त्या पेनल्टीचं शून्य खरं की तुम्ही सगळ्यांनी बघितलं ते खरं, तुम्हीच ठरवा."

पेनल्टी प्रत्येकाने बघितली होती. अध्यक्षांनी हातातल्या कागदाला आणखी एकदा घडी घातली, मग आणखी एकदा, आणि तो खिशात टाकला. "पुढचं वर्ष गोलात हाच राहील," ते म्हणाले. "आता फॉरवर्डचं बोलू." पुढच्या रांगेतल्या दोघांनी कपाळाला हात लावला, आणि मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, बहुधा मघाशी हुर्यो करणाऱ्यानेच.

पण गोलकीपर टाळ्यांकडे बघत नव्हता. तो खुर्च्यांमधून वाट काढत काकूंसमोर आला.

"काकू, तुम्हाला पेनल्टी दिसलीच नाही?"

"नाही रे बाळा."

"थांबा. दाखवतो." त्याने चहाचं टेबल एका हाताने बाजूला सरकवलं. "या दोन खुर्च्यांच्या मधे गोल. मी इथे. तो तिथून आला, असा, डावीकडे बघत. मला वाटलं हा फसवतोय. म्हणून मी इकडे..." आणि तो छत्तीस वर्षांचा अवाढव्य माणूस इस्त्रीच्या शर्टात हॉलच्या लाकडी जमिनीवर, काकूंच्या पायांपासून हातभर अंतरावर, सबंध आडवा झाला. जमीन हादरली. एक खुर्ची पडली. त्याचे दोन्ही तळहात काकूंच्या अगदी समोर होते, बोटं ताणलेली. "इथे लागला. या बोटांना. अजून वाकडं आहे बघा हे."

काकू खाली वाकल्या. तोंड अगदी त्याच्या हाताजवळ नेऊन त्यांनी ते वाकडं बोट बघितलं, दिसलं तसं. मग सरळ उभ्या राहिल्या, कोटाच्या उजव्या खिशात हात घातला, आणि सगळ्यांच्या देखत एक बटण काढून डाव्या खिशात टाकलं.

काकांनी ते व्यासपीठावरून पाहिलं. ते वही घेऊन खाली उतरले, गर्दीतून मागे आले आणि एक खुर्ची काकूंच्या शेजारी ओढून बसले. काकूंच्या रकान्यावर त्यांनी सकाळीच लाल रेघ मारून ठेवली होती. रेघेखाली जागा होती. त्यांनी पेन्सिल काढली.

"हं," ते म्हणाले, "तुझ्याकडे किती?"

"एक," काकू म्हणाल्या.

काकांनी एक लिहिला.